झिजण्यासाठी लावलेला थर : मोटारीच्या रंगरक्षणाची प्रस्तावना

आपल्याकडे गाडी घेताना मायलेज विचारले जाते, सर्व्हिसिंगचा खर्च विचारला जातो, पुन्हा विकताना किती येतील याचा अंदाज घेतला जातो आणि शेवटी घरातल्या सगळ्यांचे मत घेऊन रंग ठरतो. रंग ठरला की त्या विषयावर पडदा पडतो. पुढची दहा-बारा वर्षे तो रंग ऊन, पाऊस, धूळ आणि पक्षी यांच्या हवाली असतो. त्याची आठवण होते ती बॉनेटवर पांढुरके डाग कायमचे बसल्यावर, नाहीतर गाडी विकायला काढल्यावर दलाल टपावरून बोट फिरवून भाव पाडू लागल्यावर. त्याच्या बरेच आधी, रंग अजून धड असताना, त्याच्याकडे लक्ष द्यावे असे वाटणाऱ्यांसाठी हे लिखाण आहे. ज्यांना अजून तसे वाटत नाही त्यांनीही थोडे पुढे वाचून पाहावे. विषय वरून दिसतो त्यापेक्षा बराच रुंद आहे. त्यात ब्राझीलच्या कोरड्या माळावरची झाडे आहेत, सिलिकॉनचे रसायनशास्त्र आहे, आणि आपल्या पावसाळ्याचा हिशेबही आहे.

नवख्या माणसाला या विषयाची पहिली गाठ पडते ती ॲक्सेसरीजच्या दुकानात. एका फळीवर वॅक्सचे चपटे डबे, शेजारी सीलंटच्या बाटल्या, वर ‘सिरॅमिक’ लिहिलेले स्प्रे. प्रत्येकावर आरशासारख्या गाडीचे चित्र आणि प्रत्येकाचा दावा सारखाच. दुकानदाराला विचारावे तर तो ज्यात त्याला सुटते तेच पुढे करतो. ‘वॅक्स घेऊ की सीलंट?’ हा प्रश्न तिथे पडतो आणि तो चुकीचा मुळीच नाही. फक्त तो दुसरा प्रश्न आहे. आपण नेमके कशाचे रक्षण करायला निघालो आहोत, हे आधी पाहिले की डब्यांवरची निम्मी भाषा आपोआप गळून पडते.

आजच्या गाडीचा सांगाडा कारखान्यात आधी गंजरोधक रंगाच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने तो थर पत्र्याच्या कानाकोपऱ्यात बसवतात. त्यावर प्रायमर, प्रायमरवर आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो बेसकोट, आणि सर्वांत वर बिनरंगी क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यात क्लिअर कोटचा वाटा 35 ते 50 मायक्रॉनचा. गाडीची चकाकी म्हणतात ती या वरच्या थराची. उन्हातली अतिनील किरणे शोषून घेणारी रसायनेही मुख्यतः त्यातच मिसळलेली असतात. वाचकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा व्यवहार या चाळीसेक मायक्रॉनचा आहे.

त्यातून लगेच एक सावधगिरी निघते. आपल्या गॅरेजांत ‘रबिंग-पॉलिश’ हे एका दमात म्हटले जाते, आणि वॅक्स लावून द्या म्हटले तरी कारागीर आधी रबिंगचा डबा उघडतो. रबिंग कंपाउंडमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते क्लिअर कोटचा वरचा भाग खरवडून ओरखड्याच्या पातळीपर्यंत आणतात, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. वॅक्स आणि सीलंट यांचे काम याच्या उलट : ते काही काढत नाहीत, वर एक थर ठेवतात. काढलेला क्लिअर कोट परत येत नाही. तेव्हा दर दिवाळीला हौसेने रबिंग मारून घेणारा गाडीमालक रंगाची काळजी घेत नसतो, रंगाची शिल्लक खर्च करत असतो. पॅनेलच्या कडा आणि उंचवटे, जिथे थर मुळात पातळ असतो आणि यंत्राचा दाब जास्त पडतो, तिथे ही शिल्लक आधी संपते.

वॅक्स काय किंवा सीलंट काय, दोन्हींचे तत्त्व एकच आहे. आपण असा एक पातळ थर लावतो, जो ऊन-पाऊस-साबण स्वतःवर घेईल, झिजेल आणि मग पुन्हा लावता येईल. कोकणात मातीच्या भिंतींना पावसाळ्याआधी माडाच्या झापांचा आडोसा बांधतात. पाऊस झाप कुजवतो, भिंत शाबूत राहते, आणि पुढच्या वर्षी नवे झाप येतात. गाडीवरचा हा थर असाच आहे, फक्त त्याची जाडी मायक्रॉनच्या घरातली, बहुधा त्याहूनही कमी. एवढ्या थराने खडीचा मार अडत नाही, किल्लीचा ओरखडा अडत नाही. दाराच्या खालच्या शिवणीतून सुरू होणारा गंजही अडत नाही; समुद्रकाठच्या लोकांनी याबाबत भ्रमात राहू नये, गंजाचा बंदोबस्त खालून आणि आतून करायचा असतो. वॅक्स-सीलंटने जे होते ते एवढेच : घाण रंगाला घट्ट धरत नाही, धुणे सोपे होते, आणि आम्लाला किंवा क्षाराला रंगापर्यंत पोहोचायला थोडा जास्त वेळ लागतो. माझ्या मते हे पुरेसे आहे. याहून जास्त कोणी देऊ केले तर खिसा सांभाळावा.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय वॅक्सला एवढा मान का, हे कळत नाही. सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवल्या जात : तेलाचे रंग, वर व्हार्निशचे हात, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबणे. एक गाडी रंगवून बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे लागत. 1924 सालच्या ओकलंड गाड्यांवर जनरल मोटर्सने ड्यू पाँचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग आणला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. (आपले लाकूडकाम करणारे कारागीर फवाऱ्याने मारलेल्या रंगाला आजही ‘ड्युको’च म्हणतात, हे नाव आपल्या सुतारकामात असे मुरले आहे.) पण हा रंग आणि त्यानंतरचे एनॅमल उन्हात पांढुरके पडत, हाताला खडूसारखी भुकटी लागे. त्यांना वरचेवर घासून, तेल-मेण पाजून जिवंत ठेवावे लागे. मेग्वायर्ससारखी आज गाडीच्या पॉलिशसाठी ओळखली जाणारी कंपनी 1901 मध्ये फर्निचरच्या पॉलिशवर सुरू झाली, यात म्हणूनच नवल नाही. गाडीचा रंग आणि टेबलाचे व्हार्निश यांची गरज तेव्हा सारखीच होती.

या युगाच्या शेवटच्या खुणा आपल्याकडे परवापरवापर्यंत होत्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या घरी होती त्यांना आठवत असेल, की रविवारी पॉलिश करताना फडके गाडीच्या रंगाचे होऊन जायचे. क्लिअर कोट नव्हताच, रंगच सर्वांत वर होता. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी अखेर बाद झाली. आजच्या गाडीवर फडके रंगीत होत नाही, आणि झालेच तर ते वाईट लक्षण समजावे : एक तर क्लिअर कोट संपला आहे, किंवा तो भाग स्थानिक गॅरेजमध्ये क्लिअर कोटशिवाय पुन्हा रंगवला गेला आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने ही खूण जरूर वापरावी. सांगण्याचा मुद्दा असा, की वॅक्सची कीर्ती ज्या रंगांवर झाली ते रंग आता फारसे उरलेले नाहीत. क्लिअर कोटला तेल पाजावे लागत नाही.

तरीही वॅक्स टिकून आहे, आणि त्याचे बरेचसे श्रेय एका झाडाला जाते. ईशान्य ब्राझीलमधल्या सियारा, पियावी आणि रिओ ग्रांदे दो नॉर्ते या कोरड्या राज्यांत कार्नोबा नावाचे माडा-ताडाच्या कुळातले झाड वाढते. शास्त्रीय नाव कोपर्निशिया प्रुनिफेरा. कोरड्या महिन्यांत पानांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानांवर मेणाचा थर धरते. लांब काठीच्या टोकाला पाते बांधून ही पाने उतरवतात, उन्हात वाळवतात, झोडपून त्यावरची पूड पाडतात, मग ती वितळवून गाळतात. कोवळ्या पानांचे मेण फिकट पिवळे आणि महाग असते, जुन्या पानांचे काळपट. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते. कार्नोबा 82 ते 86 अंशांपर्यंत तग धरतो आणि वनस्पतिजन्य मेणांत तो सर्वांत कठीण समजला जातो. चॉकलेटच्या गोळ्यांवरची आणि औषधाच्या टिकल्यांवरची चकाकीही पुष्कळदा त्याचीच. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तो ई 903 या क्रमांकाने येतो.

या झाडासाठी माणसे किती लांब गेली, याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एस. सी. जॉन्सन या मेणाच्या कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन 1935 मध्ये सिकॉर्स्की बनावटीच्या, पाण्यावरही उतरू शकणाऱ्या विमानातून थेट ब्राझीलला गेले. कंपनी ज्या मेणावर उभी होती त्याचा पुरवठा टिकेल का, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. पुढे 1998 मध्ये त्यांचे पुत्र सॅम जॉन्सन यांनी तशाच विमानाची नवी प्रतिकृती बांधून घेऊन तोच प्रवास पुन्हा केला. या रम्य कथेची दुसरी बाजूही वाचकांना माहीत असावी : अलीकडच्या वर्षांत ब्राझीलच्या कामगार निरीक्षकांना कार्नोबाच्या पानतोडीत वेठबिगारीसारख्या स्थितीत राबणारे मजूर आढळले आहेत. ‘नैसर्गिक’ हा शब्द डब्यावर वाचताना हेही आठवावे.

शुद्ध कार्नोबा हातात घेतला तर तो ठिसूळ, काचेसारखा तुटणारा खडा असतो. तो गाडीवर घासता येत नाही. पसरण्याजोगे होण्यासाठी त्यात विद्रावके, तेले, मधमाश्यांचे किंवा पॅराफिनचे मेण मिसळावे लागते. म्हणून डब्यावर ‘100 टक्के कार्नोबा’ लिहिलेले असले तर त्याचा अर्थ डबाभर कार्नोबा आहे असा घेऊ नये. त्यातला जेवढा कार्नोबा आहे तेवढा अस्सल आहे, एवढाच त्या ओळीचा अर्थ. लावल्यावर विद्रावक उडून जाते आणि मेण-तेलाचा थर रंगावर बसतो. बसतो म्हणजे नुसता बसतो. रंगाशी त्याचे रासायनिक नाते जुळत नाही. कडक साबण, वारंवार घासणे आणि उष्णता यांपुढे तो हळूहळू निघून जातो. आपल्याकडच्या रोजच्या वापरात चांगल्या वॅक्सचा एक हात चार ते आठ आठवडे पुरला तर समाधान मानावे.

सीलंटचे कूळ प्रयोगशाळेतले. त्यातला महत्त्वाचा घटक बहुधा अमायनो गट जोडलेली सिलिकॉनची साखळी असते, कधी सोबत ॲक्रिलिक रेझिन. हे अमायनो गट रंगाच्या पृष्ठभागाला धरून बसतात आणि पुढच्या काही तासांत साखळ्या एकमेकींत गुंतून जाळे तयार होते. म्हणून सीलंट लावल्यावर बारा ते चोवीस तास गाडीला पाणी लागू देऊ नये. ही सूचना पुष्कळजण वाचत नाहीत आणि मग बाटलीला नावे ठेवतात. एकदा जाळे जमले की ते मेणासारखे उन्हाने मऊ पडत नाही, आणि साध्या शाम्पूला दाद देत नाही. चार ते सहा महिने हा त्याचा रास्त पल्ला. बाटलीवर वर्षाचा वायदा असला तरी तो आपल्या धुळीचा आणि आपल्या फडक्याचा विचार करून केलेला नसतो.

या कुळातल्या दोन नावांबद्दल थोडे बोलायला हवे. शोरूममध्ये गाडी ताब्यात घेताना ‘टेफ्लॉन कोटिंग’ बिलात कधी जोडले जाते, ते कळतही नाही. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ज्याची ख्यातीच मुळी कशाला न चिकटण्याची. तव्यावर ते बसते ते भट्टीच्या तापमानाला. त्याचा वितळणबिंदू 327 अंश सेल्सिअस आहे. गाडी त्या तापमानाला नेण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा अशा कोटिंगमध्ये जे काही रक्षण मिळते ते त्यातल्या इतर घटकांमुळे, आणि ते सामान्य सीलंटइतकेच असते. दुसरे नाव सिरॅमिक. हे सीलंटचेच पुढचे पाऊल आहे, सिलिकाच्या रसायनावर उभे, खरोखर जास्त टिकणारे आणि लावायला जास्त कटकटीचे. त्यावरचा ‘9 एच’ हा आकडा पेन्सिलने ओरखडून पाहण्याच्या चाचणीतला आहे, हिरे-माणकांच्या काठिण्याशी त्याचा संबंध नाही. सिरॅमिकवर स्वतंत्रपणे पुष्कळ वाचण्यासारखे आहे. पण पहिल्याच दिवशी तिकडे वळू नका.

वॅक्स आणि सीलंट यांच्यातली सीमा बाजारात दिसते तितकी ठळक राहिलेली नाही. बहुतेक वॅक्समध्ये आज सिलिकॉन असते, बऱ्याच सीलंटमध्ये थोडा कार्नोबा असतो, आणि ‘हायब्रिड’ या नावाखाली सगळेच एकत्र नांदते. डबा काय म्हणतो यापेक्षा मागच्या बाजूला लावण्याची रीत काय दिली आहे ते पाहावे : लगेच पुसा म्हटले असेल तर स्वभाव मेणाचा, वाळू द्या आणि पाण्यापासून जपा म्हटले असेल तर स्वभाव सीलंटचा. सिलिकॉनची एक खोड मात्र प्रत्येक गाडीमालकाला ठाऊक असावी. टचअपला किंवा डेंटिंग-पेंटिंगला गाडी देताना पूर्वी काय लावले होते ते पेंटरला सांगा. पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला तर नवा रंग त्यावरून मागे सरतो आणि बारीक खळगे पडतात. उलट बाजूने, गॅरेजमध्ये नव्याने मारलेल्या रंगावर महिना-दोन महिने वॅक्स वा सीलंट काहीच लावू नये. आतले विद्रावक आधी पुरते निघून जाऊ द्यावे.

मग दिसण्यात फरक किती? जाणकारांचे म्हणणे असे, की मेणातल्या तेलामुळे रंग खोल आणि ओला दिसतो, सीलंटची चकाकी काचेसारखी, जराशी थंड. काळ्या, मरून किंवा गडद निळ्या गाडीवर, मावळत्या उन्हात, शेजारीशेजारी पाहिले तर हे पटते. आपल्या रस्त्यांवर मात्र पांढऱ्या गाड्यांचे राज्य आहे, आणि पांढऱ्यावर हा फरक ओळखून दाखवणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. चकाकीचा मोठा हिस्सा पृष्ठभाग किती स्वच्छ आणि सपाट आहे यातून येतो, वर काय लावले यातून थोडाच. काही वॅक्स बारीक ओरखडे तेलाने भरून काढून तात्पुरते लपवतात. दोन धुण्यांनंतर ते पुन्हा दिसू लागतात.

निवडीचा खरा निकष, निदान महाराष्ट्रात, हवामान आणि गाडी उभी राहण्याची जागा हा आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि उन्हातल्या काळ्या बॉनेटवर हात ठेववत नाही. मेण वितळून ओघळते असे नव्हे, पण मिश्रणातली तेले मऊ पडतात, धूळ त्यात रुतते, आणि थर लवकर संपतो. कोकणात प्रश्न वेगळा : चार महिने संततधार, हवेत मीठ, आणि मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली उभी केलेली गाडी. मोहोरावरचे तुडतुडे मधासारखा चिकट द्रव सोडतात. तो काचेवर दिसतो तसाच रंगावरही असतो, आणि वाळला की नुसत्या पाण्याला बधत नाही. मुंबईत जुन्या पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण पडले की खालच्या गाड्यांची तीच गत. मराठवाड्यात आणि पुण्याच्या कडेच्या नव्या वसाहतींत बोअरवेलचे जड पाणी क्षारांचे पांढरे वर्तुळ मागे ठेवते, आणि शेजारी इमारत चढत असेल तर सिमेंटची धूळ पहाटेच्या दवात भिजून रंगावर घट्ट होते. ही सिमेंटधूळ अल्कधर्मी असते, ती रंगाला चरते. रेल्वेच्या रुळांलगत गाडी उभी करणाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात. ते लोखंडाचे कण गंजून झालेले. या सगळ्या ठिकाणी, गाडी उघड्यावर राहत असेल तर, माझा कौल सीलंटला आहे.

पक्ष्यांच्या विष्ठेचे वेगळे सांगायला हवे, कारण त्याबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ती आम्लधर्मी असते हे खरे, पण तिच्यातली विकरेही क्लिअर कोटच्या रेझिनचे बंध तोडतात, आणि भर उन्हात हा उद्योग वेगाने चालतो. पुन्हा विष्ठा वाळताना आक्रसते, तापून मऊ झालेला क्लिअर कोट संध्याकाळी निवताना त्या खडबडीत तळाशी जुळवून घेतो आणि ठसा कायमचा राहतो. वॅक्स किंवा सीलंट इथे काही तासांची सवलत देते, एवढेच. जांभळाच्या झाडाखाली आठवडाभर गाडी ठेवून वर कोटिंगच्या भरवशावर राहणे हे कोणत्याच बाटलीला झेपणारे नाही. ओला टिश्यू दोन मिनिटे त्यावर ठेवावा, भिजू द्यावे, मग उचलून घ्यावे. घासू नये.

आणि आता ज्या गोष्टीबद्दल कोणतीच बाटली बोलत नाही, ती. आपल्या सोसायट्यांत गाडी बहुधा आपण पुसत नाही. सकाळी एक माणूस येतो, एका बादलीत एकामागून एक गाड्या उरकतो. पहिल्या गाडीची रेती शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचते. घाई असली की पाणीही नाही, कोरडे फडके रात्रीच्या धुळीवरून फिरते. रात्री पार्किंगच्या दिव्याखाली बॉनेटकडे तिरके पाहा : दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती असंख्य बारीक गोल रेघा दिसतील. त्या या फडक्याच्या आहेत. चार महिन्यांचे सीलंट या हाताखाली दोन महिन्यांत जाते, महिन्याचे वॅक्स दहा-पंधरा दिवसांत. दोष त्या माणसाचा नाही. महिन्याला काही शे रुपयांत आपण त्याच्याकडून याहून वेगळे मागितलेलेच नसते. ‘दादा, आधी पाणी मारा, मग फडकं, आणि कोरडं तर नकोच,’ एवढे सांगून त्याच्या हाती एक स्वच्छ मायक्रोफायबर दिले, तर वॅक्स की सीलंट या वादापेक्षा जास्त फरक पडतो. ज्यांच्याकडे पाण्याची टंचाई आहे त्यांनी रोज पुसून घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुणे पत्करावे. अधल्यामधल्या दिवसांत धुळीची गाडी धुळीची राहू द्यावी.

तर सुरुवात कशी करावी? गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना धुवा. भांड्यांचा साबण वापरू नका, गाडीचा शाम्पू वापरा. वाळल्यावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून हलके फिरवा. पिशवीतून बोटांना पृष्ठभागाचे बारकावे जास्त कळतात. रव्यासारखे बारीक खडे लागले, तर धुऊनही न निघालेली घाण रंगात रुतली आहे असे समजा. त्यावर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवतात. तो भरपूर ओलाव्यावर, दाब न देता फिरवायचा आणि जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा. या तयारीवर वॅक्स केव्हाही चालते. सीलंटला मात्र पृष्ठभाग तेलकट चालत नाही, म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसून घ्यावे. दोन्ही लावायचे असतील तर आधी सीलंट, ते जमल्यावर वॅक्स. उलट क्रमाने सीलंट मेणावर बसते आणि मेणाबरोबरच निघून जाते. थर पातळ असावा. जाड थर जास्त रक्षण करत नाही, तो फक्त पुसताना दंड दुखवतो.

वाचकांनी लेखकाच्या शब्दावरही अवलंबून राहू नये. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेपची पट्टी लावा, डावीकडे वॅक्स आणि उजवीकडे सीलंट लावा, आणि पावसाळ्याचे चार महिने पाहा. पहिल्या पावसात दोन्हीकडे पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतील, आणि ते पाहून फार हुरळून जाऊ नका. थेंब उभा राहणे म्हणजे पृष्ठभाग पाणी झिडकारतो एवढेच कळते. त्याखाली रंग किती सुरक्षित आहे हे त्यावरून ठरत नाही. जड पाण्याच्या भागात तर हेच थेंब उन्हात वाळले की क्षाराचे टिपके सोडतात. तिथे थेंबांपेक्षा पाण्याची चादर एकदम ओघळून जाणारा पृष्ठभाग चांगला. पाहायचे ते वेगळे : धुताना कोणत्या बाजूची घाण कमी कष्टात सुटते, आणि ऑगस्टमध्ये कोणत्या बाजूला पाणी पसरून बसू लागते.

वॅक्सची बाजू मी आतापर्यंत कमी घेतली, पण ती आहे. गाडी झाकलेल्या जागेत राहते, चालते कमी, रविवारची सकाळ मोकळी आहे आणि हाताने काहीतरी नीटनेटके करण्यात तुम्हाला आनंद वाटतो, तर वॅक्सच घ्या. ते लावणे सोपे, चुकले तर पुसून टाकणे सोपे, आणि दर दीड-दोन महिन्यांनी लावायचे असल्यामुळे गाडीचे प्रत्येक पॅनेल तुमच्या नजरेखालून जाते. नवा ओरखडा, उडालेला टवका, दाराच्या कडेला धरू लागलेला तांबूस रंग हे सगळे वॅक्स लावणाऱ्याला आधी दिसते. क्लिअर कोट नसलेली जुनी गाडी जतन करणाऱ्यांना तर पर्यायच नाही, त्यांच्या रंगाला अजूनही तेल-मेण हवे असते. खंडेनवमीला गाडी धुऊन वॅक्स करावी, दसऱ्याला हार घालावा. फक्त हाराची तार रंगाला लागू देऊ नये, आणि ओला झेंडू व हळद-कुंकू संध्याकाळच्या आत पुसून काढावे, पांढऱ्या गाडीवर तर नक्कीच.

ज्यांना यातले काहीच ठरवता येत नाही, वेळ नाही आणि गाडी उघड्यावर आहे, त्यांनी मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक मध्यम किमतीचे सीलंट लावावे आणि दसऱ्याच्या आधी पुन्हा एकदा. वर्षाला दोन सकाळी एवढाच हा खर्च. बाटलीबरोबर दोन मायक्रोफायबर फडकी जास्तीची घ्या, आणि त्यातले एक सकाळी येणाऱ्या दादांना त्याच दिवशी द्या.